‘जुनं ते सोनं’ म्हणण्याआधी स्टिकर बघा



जुना फिल्म कॅमेरा हातात घेतलाय कधी? धातूची बॉडी, चांगलं वजन, शटरचा खणखणीत आवाज. लगेच कुणीतरी म्हणतंच, “पूर्वीचा माल बघा, आता सगळं प्लॅस्टिक!” हे अर्धसत्य आहे. आणि धंद्यात अर्धसत्य महागात पडतं.

पहिली गोष्ट, आज दिसतात ते टिकलेले कॅमेरे. बिघडलेले केव्हाच भंगारात गेले. 1982 चा हाँगकाँगचा होल्गाही आता जुनाच म्हणायचा. पण तो प्लॅस्टिकचा होता, त्यात प्रकाश शिरायचा आणि लोक त्याला काळी टेप लावून वापरायचे. म्हणजे जुनं म्हणून चांगलं, असं काही नसतं.

मग जपानी कॅमेऱ्यांचं नाव कशामुळे झालं? महायुद्धानंतर ‘मेड इन जपान’ म्हणजे स्वस्त नक्कल, असा पाश्चात्त्य गिऱ्हाइकाचा समज होता. 1950 मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाचे फोटोग्राफर डेव्हिड डग्लस डंकन यांनी निकॉनच्या लेन्स वापरल्या आणि त्यांची शार्पनेस बघून ते थक्क झाले. नाव व्हायला लागलं. पण एका कारखान्याचा खराब माल सगळ्यांचं नाव घालवू शकतो. म्हणून 1954 मध्ये कॅमेरा तपासणीची वेगळी संस्था उभी राहिली. निर्यातीच्या कॅमेऱ्यावर छोटा सोनेरी स्टिकर लागायचा, त्यावर लिहिलेलं असायचं ‘पास्ड’. बनवणारा वेगळा, पास करणारा वेगळा. खरं सोनं त्या स्टिकरमध्ये होतं!

आता नवीन कॅमेरा घ्या. 2024 मध्ये पेंटॅक्स 17 बाजारात आला. मधली बरीच वर्षं कंपनीने फिल्म कॅमेरे बनवलेच नव्हते, जाणकार माणसं निवृत्त झाली होती. मग रोल पुढे सरकवण्याच्या लिव्हरसारख्या गोष्टींसाठी जुनी ड्रॉइंग्ज काढावी लागली, निवृत्त इंजिनिअरांना विचारावं लागलं. ड्रॉइंग होतं म्हणून निभावलं. तुमच्या धंद्यातलं ज्ञान कुठे आहे? कागदावर, की एकाच कारागिराच्या हातात? तो उद्या सोडून गेला तर?

तुम्ही पापड लाटा, बॅगा शिवा, नाहीतर मशीनचे पार्ट बनवा. पहिली ऑर्डर ओळखीने मिळते. दुसरी ऑर्डर मिळते ती तपासणीमुळे.

“सर, आम्ही दोघंच आहोत, तपासायला माणूस कुठून आणू?” सोपं आहे. एकाने बनवलेलं दुसऱ्याने तपासायचं. एकटेच असाल तर आजचा माल आज पास करू नका. उद्या सकाळी ताज्या डोळ्यांनी, यादी हातात घेऊन बघा.

आजचा गृहपाठ: तुमच्या मालाच्या तपासणीचे पाच मुद्दे कागदावर लिहा आणि पॅकिंगच्या टेबलासमोर चिकटवा. पाचही जमले तरच माल बाहेर. चार जमले तर माल घरातच राहील. त्यात थोडं नुकसान होईल, पण गिऱ्हाईक जाणार नाही.