हौशी नटांचा आवाज का चढतो?



‘गावची नाटकं आता पुरे’ हे पत्र वाचलं. आमच्या थळसारख्या गावांतले नट ओरडून बोलतात, हा त्यातला आक्षेप खरा आहे. पण त्याचं कारण पत्रात नाही. उघडा मंच, समुद्रावरून येणारा वारा आणि टांगलेले दोन माइक. शेवटच्या सतरंजीपर्यंत वाक्य पोचवायचं तर आवाज चढवावाच लागतो.

दिवसभर जाळी शिवणारा किंवा खत कारखान्यात पाळी करून आलेला माणूस रात्री तालमीला उभा राहतो. वहीत उतरवून घेतलेल्या संवादांच्या नकलेवरून त्याची चिरा पडलेली बोटं फिरत असतात. याला ‘वेळ घालवणं’ म्हणणं अन्यायाचं आहे.

राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून अशाच हौशी कलावंतांच्या बळावर उभी आहे. २०२२ मध्ये अलिबागचं पीएनपी नाट्यगृह जळालं, तेव्हा या मंडळींचं जवळचं छप्पर गेलं. पण म्हणून नाटकं थांबवू नका. गावोगावी छपराचा मंच आणि बरी ध्वनियंत्रणा द्या. जाणकारांनी तालमीला येऊन चुका दाखवाव्यात. आमचे नट नक्की ऐकतील.

– एक वाचक, थळ (ता. अलिबाग)