चाळीस शेरांचा धोंडा

हिंगोली जिल्ह्यातील वसमतची बाजारपेठ हळदीसाठी प्रसिद्ध आहे. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली आणि तेथील व्यवहारातून शेर व मण गेले. एका जुन्या कोड्यात मात्र ते टिकून आहेत. वाण्याचा चाळीस शेरांचा, म्हणजे मणाचा, धोंडा फुटून चार तुकडे झाले. त्या तुकड्यांनी एक ते चाळीस शेरांपर्यंतचे प्रत्येक पूर्ण वजन तोलता येऊ लागले; तर तुकडे किती किती शेरांचे?

उत्तर आहे १, ३, ९ आणि २७. दोन शेर तोलताना तीनचा तुकडा एका पारड्यात आणि एकचा मालाबरोबर दुसऱ्या पारड्यात ठेवावा लागतो. मालाच्या पारड्यात वजन ठेवू नये, अशी अट कोड्यात नसते. ती सोडवणाराच गृहीत धरतो. स्वतःची गृहीते तपासायला लावणे, हेच कोड्याचे खरे कार्य होय.

शिष्यवृत्ती व नोकरभरतीच्या परीक्षांतील बुद्धिमत्ता चाचणीने कोड्यांना प्रतिष्ठा दिली, पण त्यांतील विचार मात्र हिरावून घेतला. तयारीच्या वर्गांत कोड्यांचे ‘प्रकार’ पाडून प्रत्येकाची युक्ती पाठ करवली जाते. मोजक्या जागांसाठी हजारोंची रांग असताना विद्यार्थ्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. परंतु पाठ केलेली युक्ती ओळखीच्या प्रश्नापुरतीच चालते. कर्जाचा हप्ता किंवा बदलावयाचे पीक हे प्रश्न आपला प्रकार सांगून येत नाहीत.

देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांनी संख्यांशी खेळता खेळता १९४९ मध्ये ६१७४ चा गुणधर्म शोधला. सर्व अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी. तिच्या अंकांच्या सर्वांत मोठ्या मांडणीतून सर्वांत लहान मांडणी वजा करावी आणि उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करीत जावे. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते. हिंगोली जिल्ह्याचे स्थापनावर्ष १९९९ घेतल्यास ते सहाव्या वजाबाकीत येते. या खेळाला कोणी गुण देणार नव्हते.

शाळांनी सोमवारी फळ्याच्या कोपऱ्यात एक कोडे लिहावे आणि उत्तर शनिवारपर्यंत सांगू नये. खर्च खडूच्या तुकड्याचा. मधल्या दिवसांत मुले अडतील, वाद घालतील, चुकतील. शिक्षकांनी त्यांना तसे अडू द्यावे. या कोड्याला गुण मात्र कदापि ठेवू नयेत.