सागरमाळ उंचावर आहे म्हणून...

कोल्हापुरात विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेचा विषय काढला की उत्तरं ठरलेली असतात. पहिलं उत्तर भूगोलाचं. शिवाजी विद्यापीठ सागरमाळावर, शहरापेक्षा उंच जागी आहे. २००५, २०१९, २०२१ असे तीन महापूर आले, पण पंचगंगेचं पाणी काही तिथवर चढलं नाही. दुसरं उत्तर बंदोबस्ताचं. गेटवर सुरक्षारक्षक आहेत, कॅमेरे आहेत, मुलींच्या वसतिगृहाच्या वेळा ठरलेल्या आहेत. तिसरं उत्तर अभिमानाचं, आणि ते देताना आवाज आपोआप चढतो: हे कोल्हापूर आहे, इथं कुणावर वेळ आली तर अख्खी पेठ धावून येते.

या तिन्हींत तथ्य आहे, म्हणूनच ती खोडून काढणं गरजेचं वाटतं. साफ खोट्या गोष्टीवर कुणी विसंबत नाही. अर्ध्या खऱ्या गोष्टीवर मात्र माणसं वर्षानुवर्षं निवांत बसतात.

आधी उंचीचं बघू. विद्यापीठ उंचावर आहे. विद्यार्थी उंचावर नाहीत. विद्यापीठाचा पसारा कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांचा. कॅम्पसवरच्या वर्गांत बसणारी कितीतरी मुलं-मुली एसटीच्या पासावर राधानगरी, पन्हाळा, शिरोळ, गगनबावडा या बाजूंनी रोज ये-जा करतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आकडे जुलै उजाडला की इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. पण गगनबावड्याकडच्या मुलीची आपत्ती ४३ फुटांवर सुरू होत नाही. मांडुकलीत रस्त्यावर पाणी आलं, की तिची आपत्ती सुरू झाली. रत्नागिरी रस्त्यानं येणाऱ्या मुलाची केर्लीत पाणी आलं की होते. अशा वेळी ती मुलगी वर्गात असते, दुपारचं प्रॅक्टिकल चालू असतं, आणि घरून फोन येतो: "आत्ताच्या आत्ता निघ, न्हाईतर तिथंच ऱ्हा."

तिथंच म्हणजे कुठं? वसतिगृहात तिची खोली नाही. शहरात नातेवाईक असतील तर ठीक. नसतील तर मैत्रिणीच्या कॉट बेसिसच्या खोलीवर, घरमालकीणबाईंची परवानगी मिळाली तर. तिनं कुणाला विचारायचं? विभागप्रमुखांना, रेक्टरना, की गेटवरच्या रक्षकाला? प्रॅक्टिकल सोडून निघाली तर हजेरीचं काय, हे कोण सांगणार? दहा मिनिटांत ठरवायची ही गोष्ट ती एकटी ठरवते. अर्धवट माहितीवर, मोबाईलवर फिरणारे रस्त्याचे व्हिडिओ बघून. त्यातला कुठला आजचा आणि कुठला दोन वर्षांपूर्वीचा, तेही तिला कळत नाही. उंचीचा तिला काडीचा उपयोग नसतो.

जी मुलं खरोखर उंचावर राहतात, त्यांचं तरी काय होतं? ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता. दूध, भाजी, पेट्रोल अडकून पडलं. बालिंगा, शिंगणापूरचे उपसा पंप पाण्यात गेले आणि पुरानं वेढलेल्या शहरात प्यायला पाणी मिळेना. पुराचा थेंबही न शिवलेल्या उंच भागांतले नळही कोरडे पडले. मेस चालवणाऱ्या काकूंनी अशा वेळी डबा कशाचा करायचा? गावाकडचं घर पाण्यात, आई-वडील जनावरांसह कुठल्या शाळेत हलवलेत याचा पत्ता नाही, फोन लागत नाही, आणि आपण कोरड्या खोलीत रिकाम्या पोटी बसलोय. ही अवस्था 'विद्यापीठात पाणी आलं नाही' या वाक्यात मावत नाही. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा त्याच पातळीच्या आसपास गेलं, महामार्ग पुन्हा बंद पडला. महापूर अपवादानं येतो असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही.

अभिमानाचं उत्तर खोडणं मला जड जातं, कारण तो अभिमान माझाही आहे. २०१९ ला तालमींची, मंडळांची पोरं गळाभर पाण्यात उतरली, व्हाईट आर्मी या बचाव संस्थेच्या स्वयंसेवकांनी जीव धोक्यात घालून माणसं बाहेर काढली, घराघरांतून भाकरी गेल्या. त्या माणसांबद्दल कृतज्ञता सोडून दुसरी भावना मनात येत नाही. पण धावून जाणं आणि तयार असणं यांतलं अंतर किती महाग पडतं, हेही आपण त्याच आठवड्यात पाहिलं. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. बोटीत माणसं क्षमतेपेक्षा जास्त होती. अंगावर लाईफ जॅकेट नव्हती. कुणाची नियत खोटी नव्हती. गावातली माणसंच गावातल्या माणसांना वाचवत होती. डिसेंबर २०२१ मध्ये गवा शहराच्या वेशीपाशी आला तेव्हा बघ्यांची झुंबड उडाली, तो बिथरला, आणि भुयेवाडीत एका तरुणाचा हकनाक बळी गेला. गर्दी मदतीची असो की कुतूहलाची, तिला काय करायचं ते आधी शिकवलेलं नसेल तर तिच्यातूनच दुसरी आपत्ती उभी राहते.

धावून जाणाऱ्यांत कॉलेजची पोरं सर्वांत पुढं असतात. वीस वर्षांच्या मुलाला पुराच्या पाण्याच्या ओढीची कल्पना नसते, पाण्याखालचं उघडं गटार दिसत नसतं, विजेच्या खांबाला हात लावू नये हे ऐन वेळी आठवत नसतं. त्याच्या धाडसाचं कौतुक करायचं आणि त्याला शिकवायचं मात्र नाही, हा मला त्याच्यावरचा अन्याय वाटतो. शिकवण्याची सोय नाही असंही नाही. राज्यातल्या विद्यापीठांच्या एनएसएस स्वयंसेवकांसाठी 'आव्हान' नावाचं आपत्ती व्यवस्थापनाचं शिबिर भरतं, एनडीआरएफचे जवान तिथं प्रत्यक्ष शिकवतात. पण शिबिरातून परतलेली मुलगी आपल्या विभागात कोण आहे, हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवायला वर्गातल्या कुणाला येतं, हे बाकीच्यांना ठाऊक नसेल तर ते शिक्षण प्रमाणपत्राच्या फाईलमध्येच राहतं.

खरी तयारी कशी असते हे बघायला परदेशी जायला नको. सुतारवाड्यात जावं. दसरा चौकाजवळच्या या वस्तीत पुराचं पाणी शहरात सर्वांत आधी शिरतं. तिथल्या कुटुंबांना पाणी कुठवर आलं की उठायचं, ते माहीत असतं. काय उचलायचं, कुठं जायचं तेही माहीत असतं. चित्रदुर्ग मठात. दर मोठ्या पावसाळ्यात ही घरं हलतात आणि पाणी ओसरलं की परत येतात. पूर आला की नदीकाठच्या प्रयाग चिखलीच्या लोकांनाही सोनतळीची वाट सांगावी लागत नाही. त्यांच्याकडं ना कॅमेरे, ना नियमपुस्तिका. पण कधी, कोण आणि कुठं, या तीन प्रश्नांची उत्तरं बायाबापड्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांकडं सारखीच असतात. हेच तीन प्रश्न कॅम्पसवर पाच विद्यार्थ्यांना विचारून बघावेत. आग लागली तर जमायचं कुठं? रात्री दोनला मैत्रिणीला फिट आली तर पहिला फोन कुणाला? मी माझ्या ओळखीतल्या मुलांना विचारतो तेव्हा उत्तर येण्याआधी ती एकमेकांकडं बघतात.

आता बंदोबस्त. भिंत, गेट, कॅमेरा यांना माझा विरोध नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही काटेरी तारांची कुंपणं, सीसीटीव्ही, बायोमेट्रिक हजेरी आहे. पण त्याच कागदात आपत्तीच्या रंगीत तालमी आहेत आणि २५ विद्यार्थ्यांमागं एक शिक्षक-समुपदेशक ही सूचनाही आहे. भिंत आणि कॅमेरा निविदा काढून विकत मिळतो, उद्घाटन करता येतं, म्हणून तेवढा भाग लवकर होतो. बाकीचा भाग रोज करावा लागतो. मुंबईत जून २०२३ मध्ये सावित्रीबाई फुले शासकीय वसतिगृहात एका १८ वर्षांच्या विद्यार्थिनीवर अत्याचार करून तिचा खून झाला. संशय आला तो वसतिगृहाच्याच सुरक्षारक्षकावर. सुट्टीत वसतिगृह रिकामं होत आलं होतं, आणि मजल्यावर ती एकटी होती. गेटवर माणूस उभा केला की जबाबदारी संपली, असं मानणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापनानं ही घटना समोर ठेवून आपल्या वसतिगृहाची सुट्टीतली रात्र डोळ्यांपुढं आणावी. कोण आत आहे, कुणाच्या भरवशावर आहे, आणि त्या कुणावर नजर कुणाची आहे?

मुलींना लवकर आत घेणं ही तर सुरक्षितता म्हणायलाच मी तयार नाही. उशीर झाला म्हणून रेक्टरांच्या बोलण्याला भिणारी मुलगी रस्त्यात कुणी त्रास दिला तरी सांगत नाही. सांगितलं तर आधी प्रश्न येणार, एवढ्या उशिरा बाहेर कशाला होतीस? जिथं तक्रार केल्यावर तक्रार करणारीचीच चौकशी होते, तिथं तक्रारपेटी रिकामीच राहते आणि ती रिकामी पेटी 'सगळं ठीक आहे' याचा पुरावा म्हणून दाखवली जाते. अंतर्गत तक्रार समितीतल्या बाईंचा चेहरा आणि नंबर पहिल्या वर्षाच्या मुलीला पहिल्या आठवड्यात माहीत झाला पाहिजे. याला पैसा लागत नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. संस्थाचालक म्हणतात, मुलं सज्ञान आहेत. गेटच्या बाहेर ती कुठं राहतात, कुठं अभ्यास करतात, त्याला आम्ही कसे जबाबदार? कायद्याच्या काटेकोर भाषेत यात काही अर्थ असेलही. पण कोल्हापूरनं तरी हा आक्षेप घेऊ नये. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून इथं एकामागून एक बोर्डिंगं उभी केली, म्हणून या शहराला वसतिगृहांची जननी म्हणतात. फी भरून घेतली, वर्ग काढून दिला, आता पोरगं कुठंही झोपू दे, असा विचार महाराजांनी केला असता तर बहुजनांची एक पिढीच्या पिढी गावाकडं परत गेली असती. शिकणाऱ्याचा निवारा हा शिक्षणाचाच भाग, ही या गावची शिकवण आहे.

आज त्या निवाऱ्याचं रूप काय आहे? राजारामपुरीत, सागरमाळावर, राजेंद्रनगरात, मोरेवाडीत एकेका खोलीत तीन-चार कॉट. खाली दुचाकींची दाटी, त्यांच्यामधून अंग चोरून वर जाणारा एकच जिना, खिडक्यांना न उघडणारं ग्रील, मीटरच्या पेटीतून लोंबणाऱ्या वायरी. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत हीच तऱ्हा, आणि तिथं मुलं रात्री अकरा-बारापर्यंत बसतात. सुरतेत मे २०१९ मध्ये शिकवणीवर्गाच्या इमारतीला आग लागली आणि २२ विद्यार्थी गेले. वरून उड्या मारणारी मुलं साऱ्या देशानं पाहिली. दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात जुलै २०२४ मध्ये तळघरातल्या ग्रंथालयात पावसाचं पाणी घुसून तीन विद्यार्थी बुडाले. पुढच्याच महिन्यात, ८ ऑगस्टच्या रात्री, आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी बांधलेली ती वास्तू जळताना माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. त्या वेळी आत प्रयोग चालू नव्हता. असता तर काय झालं असतं, हा विचार त्या रात्रीनंतर शहरातल्या प्रत्येक अभ्यासिकेच्या मालकाच्या, महापालिकेच्या आणि कॉलेजच्या मनात यायला हवा होता. बाहेर राहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचा पत्ता, घरमालकाचा आणि पालकांचा फोन कॉलेजकडं हवा. अग्निशमन दलाकडून तपासलेल्या खोल्यांची आणि अभ्यासिकांची यादी प्रवेशाच्या वेळीच हातात मिळायला हवी. विद्यापीठानं घरमालक व्हावं असं मी म्हणत नाही. आपली मुलं कुठं आहेत ते त्याला माहीत असावं, एवढंच म्हणतो.

मनाच्या आपत्तीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथं वाद घालायला जागाच उरलेली नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, हेल्पलाईन नंबर ठळक लावलेले हवेत, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर हॉलतिकिटावर छापायला कितीसा खर्च येतो?

आणि हे सगळं ऑगस्टमध्ये करून भागणार नाही. एनडीआरएफची तुकडी अलीकडं पावसाळ्याच्या तोंडावरच कोल्हापुरात येऊन थांबते. महाविद्यालयांनीही जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आपली तालीम उरकावी. पाणी कुठल्या रस्त्यावर आलं की त्या बाजूच्या मुलांना सोडायचं, हजेरीची आणि परीक्षेची हमी कुणाच्या सहीनं द्यायची, ज्यांना जाता येणार नाही त्यांच्यासाठी कुठला हॉल उघडायचा, किल्ली कुणाकडं, जेवण कोण करणार, आणि या सगळ्यासाठी फोन कुठल्या नंबरवर करायचा, हे विभागवार लिहून दारावर लावावं. मग एका दुपारी, आगाऊ न सांगता, मांडुकलीत पाणी आलंय असं धरून तो नंबर फिरवून बघावा. पलीकडून कोण उचलतं, किती वेळात उचलतं आणि त्याला काय माहीत असतं, ते सगळ्यांसमोर नोंदवून ठेवावं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा फिरवावं.