शब्द अडला, गणित अडले

'लसावि काढा' म्हटले की मुले भराभर भागाकार मांडतात. उत्तरही बरोबर येते. पण त्यातला 'वि' कशाचा, असे विचारले की वर्ग गप्प होतो. लसाविमधला 'वि' विभाज्याचा, मसाविमधला विभाजकाचा. एवढे उमगले की १२ आणि १८ यांचा लसावि ३६ आणि मसावि ६ का, हे घोकावे लागत नाही. दोन्हींतला 'सा' ज्याचा, तो 'सामाईक' हा शब्द तर सामाईक विहीर, सामाईक बांध असा खेड्यातल्या मुलांच्या कानावर रोज पडतो. तो धागा तासाला जोडून द्यायला दोन मिनिटे पुरतात. ती दिली जात नाहीत, हे खुपते.

२०१९मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातल्या, 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' अशा संख्यावाचनावरून राज्यभर वाद झाला. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण ओळखून तो बदल ठामपणे मांडला होता. बदल पटो न पटो, शब्द मुलांना अडवतात हे त्यातून पुढे आले. पुढच्या इयत्तांतल्या शब्दांकडे मात्र आपण वळलोच नाही. 'व्यस्त प्रमाण' वाचताना मुलाला कामात गढलेला माणूस आठवतो. सेमी-इंग्रजीच्या वर्गात 'डिनॉमिनेटर' येतो तेव्हा 'छेद'ही ओळखीचा नसतो.

भाषा मराठीच्या तासाला आणि आकडेमोड गणिताच्या, ही वाटणी मोडायला हवी. नवा शब्द आला की गणिताच्या शिक्षकांनी तो फळ्यावर फोडून दाखवावा, मुलांकडून त्यांच्या बोलीत वदवून घ्यावा आणि मगच सूत्र लिहावे. शिक्षक प्रशिक्षणात यासाठी वेगळा वेळ राखून ठेवावा, ही आमची मागणी आहे.