फाट्यावरचा बिनपावतीचा कर

जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाटूरला परतूरचा फाटा फुटतो. कापसाचे टेम्पो, सोयाबीनचे ट्रॅक्टर, काळी-पिवळी जीप, मजुरीला निघालेले दुचाकीस्वार, सर्वांची वाट तेथूनच. असे शेकडो फाटे महाराष्ट्रात आहेत, आणि शिट्टी वाजल्यानंतरचा संवाद वाहनधारकाला तोंडपाठ आहे : "पावती फाडू, की इथेच मिटवायचे?" चिरीमिरी, चहापाणी अशी लाडकी नावे देऊन आपण या लुटीला घरातलीच करून टाकली आहे.

दंड वाढवा म्हणजे शिस्त येईल, असे शहरी शहाणपण सांगते. तो प्रयोग होऊन गेला. २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना वाहन चालविण्याचा दंड ५०० रुपयांवरून ५,००० वर नेला. महाराष्ट्राने वाढीव दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी ३१२ रुपये; म्हणजे एका पावतीत सोळा दिवसांचे श्रम गेले. अशा माणसाला पाचशेची लाच ही सवलतच वाटणार! दंड दसपट करणाऱ्यांनी घासाघिशीतला पोलिसाचा हात तेवढा बळकट केला. परवाना का काढत नाही, असे विचारणाऱ्यांनी जालन्याची खेप आणि बुडालेला रोज यांचाही हिशेब मांडावा. जीपवाल्याचे तेच. एसटी वेळेवर नाही म्हणून माणसे जीपमध्ये कोंबली जातात, त्याबद्दल हप्ता द्यावा लागतो आणि तो अखेर प्रवाशाच्याच भाड्यातून वसूल होतो.

सेव्हलाईफ फाउंडेशनच्या २०२० मधील पाहणीने देशभरातील मालवाहतूकदारांकडून लाचेपोटी जाणारी रक्कम वर्षाला सुमारे ४८,००० कोटी रुपये असल्याचा अंदाज दिला होता. एवढा पैसा उन्हातान्हात उभ्या असलेल्या शिपायांच्या खिशात मावत नाही. २०२१ साली पोलीस बदल्यांतील व्यवहारांच्या आरोपांनी राज्याचे राजकारण ढवळून निघाले होते, हे विसरून केवळ शिपायाला शिव्या घालणे सोपे आहे. वरच्या मंडळींना तेच हवे असते.

कायदा कोणाच्या बाजूने झुकतो तेही पाहावे. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली आणि लाच देणाराही गुन्हेगार ठरला. सक्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करावी, तरच सुटका! त्याच दुरुस्तीने अधिकाऱ्याच्या निर्णयाची चौकशी करण्यापूर्वी वरिष्ठांची परवानगी घेण्याचे कलम घातले. मजुराच्या वाट्याला सात दिवसांची मुदत आली, साहेबाच्या वाट्याला कवच. ज्याला अर्ज लिहिता येत नाही, ज्याला उद्या पुन्हा त्याच फाट्यावरून जायचे आहे, तो सात दिवसांत कोणाकडे जाणार?

त्याने आपल्याकडे यावे, अशी व्यवस्था कार्यकर्त्यांनी केली पाहिजे. बाजाराच्या दिवशी गावोगाव बसून तक्रारी लिहून घ्याव्यात, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक भिंतींवर रंगवावा, तक्रारदाराबरोबर जालन्याला स्वतः जावे. परवान्याचे शिबिर गावात भरावे आणि एसटीच्या फेऱ्या वाढाव्यात, ही मागणी त्याच्याच जोडीने रेटावी. एरवी पावतीचा आग्रह गरिबाच्याच अंगावर उलटेल. पहिल्या महिन्यात कोण कोठे बसणार, हे तालुक्याच्या येत्या बैठकीतच ठरवून टाकावे.