सर्पदंश : दैव की वेळापत्रक?

सर्पदंशाने कोणी दगावले की आपण दैवाला बोल लावतो आणि सुतक फिटताच सारे विसरून जातो. वस्तुतः साप कोणाला, कोठे व केव्हा चावतो, हे दैवापेक्षा माणसाच्या श्रमाच्या परिस्थितीवरच अधिक अवलंबून असते. २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने मृत्युमुखी पडली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य ग्रामीण होती.

अहिल्यानगर जिल्ह्यातील कोपरगाव, श्रीरामपूर, नेवासे हा उसाचा पट्टा पाहावा. शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असली की शेतकऱ्याला बारे देण्यासाठी मध्यरात्री बांध तुडवावा लागतो. उसात उंदीर, उंदरांमागे घोणस आणि अंधारात अनवाणी माणूस! ऊसतोडणी मजूर कोपीत जमिनीवरच अंग टाकतो. मण्यार रात्री हिंडते. तिच्या दंशाची वेदना कित्येकदा जाणवतही नाही आणि उपचारांना विलंब होतो.

विजेरी, गुडघ्यापर्यंतचे गमबूट, हाती काठी, निजायला बाज आणि कडा नीट खोचलेली मच्छरदाणी एवढ्यानेही पुष्कळ दंश टळतील. दंश झालाच तर जखम कापू नये, दोरीने आवळू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. दंश झालेला अवयव न हलवता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर सर्पविषप्रतिबंधक लस हाच खरा उपचार होय.

शेतकरी सर्पदंशाने मरण पावल्यास गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या अपघात सुरक्षा योजनेतून शासन त्याच्या कुटुंबाला दोन लाख रुपये देते. हे योग्यच आहे. परंतु मृत्यूनंतर लाख मोजणाऱ्या व्यवस्थेने मृत्यूपूर्वी गमबुटांचा हिशेब करू नये, हे कोणत्या अर्थशास्त्रात बसते? दिवसा वीज देण्यासाठी २०१७ साली आखलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या आरंभीच्या प्रकल्पांपैकी एक याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला झाला. अशा योजनांचे यश केवळ मेगावॉटमध्ये न मोजता शेतकऱ्याच्या किती रात्री वाचल्या, यावरही मोजले पाहिजे. साखर कारखान्यांनीही तोडणीच्या उचलीबरोबर मजुराला गमबूट व बाज देण्याची प्रथा पाडावी. सापाचा स्वभाव आपल्याला बदलता येणार नाही. विजेचे वेळापत्रक मात्र माणसानेच केलेले आहे.