फटफटी नवी कीं जुनी?

चिरंजिवांची बारावी झाली, पुण्याच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळाला, आणि आतां फटफटीवरून घरांत दोन तट पडले आहेत, असें एका वाचकभगिनींनी आम्हांस कळविलें आहे. वडील म्हणतात, पहिलें वाहन कोरेंच हवें; आजोबा म्हणतात, शिकाऊ हाताला जुनें पुरे. मुलास अठरा वर्षे पुरीं झालीं नसतील तर कायद्यानेंच हा वाद तूर्त मिटविला आहे. झालीं असतील तर आम्ही आजोबांच्या पक्षाचे. मात्र केवळ काटकसरीस्तव नव्हे.

काटकसर आहेच. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीबरोबर पांच वर्षांचा त्रयस्थ-विमा एकदम उतरावा लागतो. उलट, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० घनसेंटिमीटरांपर्यंतच्या दुचाकींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, हें वडिलांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. परंतु नवशिका मुलगा आरंभीं गाडी दोनचारदां आडवी पाडणार, हें धरूनच चालावें. कोऱ्या गाडीला ओरखडा पडला कीं घरांत सुतक येतें, आणि मग मुलगा पडल्याचें लपवूं लागतो. गुडघा फुटला कीं मनगट दुखावलें, हें आईला कळूं नये, याहून महाग ती गाडी कोणती?

तथापि जुनी म्हणजे वाटेल तितकी जुनी नव्हे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरांवरील दुचाकींस चाक जखडूं न देणारी ए. बी. एस. ही योजना, आणि त्याहून लहान गाड्यांस निदान एका ब्रेकनें दोन्ही चाकें आवळणारी योजना सक्तीची झाली. पावसांत बावरलेला मुलगा ब्रेक करकचून दाबतो, चाक जखडतें व गाडी निसटते. नेमक्या त्या क्षणीं या योजना कामास येतात. म्हणून त्यापूर्वींची गाडी मामांनीं फुकट दिली तरी प्रथम वाहन म्हणून घेऊं नये.

पाहावयास सकाळीं जावें, सोबत ओळखीचा मिस्त्री न्यावा. यंत्राला हात लावून तें थंड आहे ना, हें आधीं पाहावें. विकणाऱ्यानें तें आधींच तापवून ठेवलें असेल तर संशय धरावा. निळसर धूर म्हणजे तेल जळतें आहे. सांगाड्यावरील क्रमांक नोंदणीपत्राशीं अंकशः ताडावा; थकलेले दंड व न फिटलेलें कर्ज यांची चौकशी करावी.

नमुना २९ व ३० वर सह्या होऊन नांव बदलण्याचा अर्ज दाखल होईपर्यंत पुरी रक्कम देऊं नये. विमाही चौदा दिवसांत आपल्या नांवें करण्यास कळवावें. विकणाऱ्याचेंही यांत हित आहे: गाडी दुसऱ्याच्या हातीं गेली तरी सरकारदप्तरीं ज्याचें नांव, तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं ठरविलें आहे.

वांचलेल्या रकमेंतून प्रथम आय. एस. आय. खुणेचें शिरस्त्राण घ्यावें. येथें मात्र आम्ही वडिलांच्या पक्षाचे: तें कोरेंच हवें. आणि दोन घ्यावींत, कारण मागें बसावयास मित्र येणारच.